सायकलवर असताना पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं

नवी सायकल घेतली की पंक्चर किट, कुलूप, हेल्मेट यांची यादी दुकानदारच देतो. चौकात हवालदारानं हात दाखवला तर काय बोलायचं, काय दाखवायचं आणि कशाला नम्रपणे नकार द्यायचा, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मग लोक दोन चुका करतात. काही जण घाबरून मागितलेले पैसे देऊन मोकळे होतात, तर काही जण "सायकलला कुठलाच कायदा लागू नाही" असं ऐकीव वाक्य फेकून साध्या चौकशीचं भांडण करतात. पुढची माहिती महाराष्ट्राला धरून आहे. गोव्यात किंवा इतर राज्यांत केंद्राचे कायदे हेच असले, तरी पोलिसांचा स्थानिक कायदा वेगळा असतो.

सायकल मोटर वाहन नाही, पण वाहन आहे

बाकीचं सगळं या एका फरकावर उभं आहे. मोटर वाहन कायदा १९८८ यंत्राच्या जोरावर चालणाऱ्या वाहनांसाठी आहे. पायडल मारून चालणारी सायकल त्यात बसत नाही. त्यामुळे लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी यांपैकी काहीही सायकलस्वाराला लागत नाही. हेल्मेटची सक्ती करणारं कलम १२९ मोटरसायकलवाल्यांसाठी आहे. हेल्मेट अवश्य घाला, पण ते नाही म्हणून दंड होऊ शकत नाही. लायसन्सला लागते तशी वयाची अटही सायकलला नाही. ई-चलान गाडीच्या नंबरावर निघतं आणि सायकलला नंबरच नसतो.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मधल्या 'वाहन' शब्दाच्या व्याख्येत सायकल आणि तीनचाकी सायकल नाव घेऊन घातलेली आहे. त्याच्या कलम ३३ खाली पोलीस आयुक्त, आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, सर्व प्रकारच्या वाहतुकीसाठी नियम करू शकतात. कलम ९९ प्रमाणे रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालणं आणि पुढच्या वाहनाला उजवीकडून ओलांडणं सायकललाही बंधनकारक आहे. कलम ६८ प्रमाणे पोलिसाची वाजवी सूचना पाळावी लागते आणि न पाळणाऱ्याला कलम ६९ खाली बाजूला काढता येतं. बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट यांवरून हवालदार अडवायचे, ते अशाच स्थानिक नियमांच्या जोरावर. नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला इतिहासजमा झाला, पण नियम करण्याचा हा अधिकार कायम आहे.

भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या कायद्याचं) कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे 'कोणतंही वाहन' चालवणाऱ्याला लागू होतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वन-वेमध्ये उलटं शिरून कुणा आजोबांना पाडलंत तर "माझी तर सायकल आहे" हा बचाव नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याचं मोटर वाहन कायद्यातलं कलम सायकलला लागत नसलं, तरी नशेत सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालण्याबद्दल न्याय संहितेत कलम ३५५ आहे.

थोडक्यात, सिग्नल, एकेरी मार्ग आणि डावी बाजू पाळा. लायसन्स, पीयूसी आणि हेल्मेटच्या दंडाला मात्र बिचकू नका.

रस्त्यावर तुमचा हक्क किती

डावी बाजू म्हणजे गटाराची कड नव्हे. कडेला वाळू, काचा, खचलेली झाकणं असतात आणि उभ्या मोटारींची दारं अचानक उघडतात. कडेपासून पाऊण ते एक मीटर आत आणि उभ्या गाड्यांपासून पूर्ण एक मीटर लांब चालवा. मागून कुणी हॉर्न वाजवला म्हणून खड्ड्यात उतरायची गरज नाही. केंद्राने २०१७ साली लागू केलेल्या वाहनचालनाच्या विनियमांत पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी मोटारचालकावर टाकली आहे. पोलीस "कडेनं चालवा" म्हणाले तर ती सूचना आहे, ती ऐका आणि पुढे गेल्यावर पुन्हा सुरक्षित रेषेत या.

दोघं शेजारी शेजारी गप्पा मारत जाणं टाळा. वर्दळीत ते अडथळ्यात धरलं जाऊ शकतं आणि अडथळ्यासाठी पोलीस अधिनियमात कलम १०२ आहे. मोठी रॅली किंवा शर्यत काढायची असेल तर वाहतूक शाखा आणि स्थानिक पोलीस ठाणं दोन्हीकडे आधी लेखी अर्ज द्या. जमावबंदीचे आदेश लागू असलेल्या काळात तर परवानगीशिवाय निघूच नका.

जिथे सायकल नेताच येत नाही ते रस्ते: कळंबोली ते किवळे हा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू आणि मुंबईचा किनारी रस्ता. मुंबईहून पुण्याला सायकलनं जायचं तर जुना महामार्ग आणि शिंग्रोबाचा घाट. घाटात दोन्ही रस्ते जवळ येतात तिथे मोबाइलच्या नकाशापेक्षा फलकावर विश्वास ठेवा. नकाशा मोटारीसाठी लावलेला असला की तो थेट द्रुतगती मार्गावर चढवतो. चुकून चढलातच तर उतरून कठड्याला चिकटून सायकल हातात धरा आणि जवळच्या बाहेर पडण्याच्या रस्त्यापर्यंत चालत जा. उलट दिशेनं चालवत परत येऊ नका. तिथे पोलिसांनी हटवलं तर वाद घालू नका, त्यांचंच बरोबर आहे.

फलक ओळखायला सोपे आहेत. लाल कडेच्या गोलात काळी सायकल म्हणजे मनाई. निळ्या गोलात पांढरी सायकल म्हणजे सायकलमार्ग.

इ-सायकल असेल तर आधी हे तपासा

सध्या अडचण येते ती इथे. केंद्रीय मोटर वाहन नियमांप्रमाणे पायडलला मदत करणारी इ-सायकल मोटर वाहन ठरत नाही, पण अटी आहेत. मोटरची ३० मिनिटांची (सलग अर्धा तास देता येणारी) शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा, कमी हवी. ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत बंद झाली पाहिजे. बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. नीट ब्रेक हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा.

साध्या सायकलला बसवायचे ३५० किंवा ५०० वॉटचे किट सर्रास मिळतात. दुकानदार "काही होत नाही" म्हणतो, पण ते बसवल्याक्षणी सायकल कायद्यानं मोटर वाहन होते. मग नोंदणी नाही म्हणून कलम १९२ खाली पहिल्या वेळेला ५,००० रुपयांपर्यंत, लायसन्स नाही म्हणून कलम १८१ खाली ५,००० आणि विमा नाही म्हणून कलम १९६ खाली २,००० रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडी अडकवून ठेवता येते. एखाद्याला धडकलात तर विम्याशिवाय भरपाईही खिशातून. म्हणून खरेदी करताना बिलावर मोटरचे वॉट लिहून घ्या आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मागा. त्याचा फोटो मोबाइलमध्ये असला की चौकातली निम्मी चर्चा संपते.

घरून निघताना

कायदा मागो न मागो, सोबत एवढं ठेवा. पुढे पांढरा दिवा, शहरात २०० लुमेन पुरतात, गावाबाहेरच्या काळोख्या रस्त्याला ४०० तरी हवेत. मागे लाल दिवा. घंटी. कुठलंही एक ओळखपत्र, डिजिलॉकरमधलं चालतं. जवळच्या माणसाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी.

आणि मालकीचा पुरावा. पहाटे चार वाजता किंवा रात्री अकरानंतर महागडी सायकल दिसली की गस्तीवरच्या पोलिसाला पहिली शंका चोरीची येते, आणि ती शंका रास्त आहे. सायकल उलटी करून पायडलच्या दांड्याखाली, फ्रेमच्या तळाशी खोदलेला नंबर शोधा. माती पुसून त्याचा स्पष्ट फोटो काढा. बिलाचा फोटो, नंबरचा फोटो आणि सायकलसोबत तुमचा एक फोटो असे तीन एका ठिकाणी ठेवा. बिलावर फ्रेम नंबर नसेल तर दुकानदाराकडून लिहून शिक्का घ्या. जुनी सायकल विकत घेताना विकणाऱ्याकडून नाव, पत्ता, फ्रेम नंबर आणि रक्कम लिहिलेली सहीची पावती घ्या. सायकल चोरीला गेली तर तक्रारीतही हाच नंबर लागतो. "काळ्या रंगाची गिअरची सायकल" एवढ्या वर्णनावर कुणाची सायकल सापडत नाही.

हात दाखवला तर, क्रमानं

१. थांबा. डावीकडे, वाहतुकीबाहेर, मागच्याला हातानं इशारा देऊन. उतरा, इअरफोन काढा, हात दिसतील असे ठेवा. पळून जाणं सगळ्यात वाईट. काही चूक नसताना संशय तुम्हीच ओढवून घेता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, तपास यांची पद्धत सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम १७२ प्रमाणे पोलिसाच्या कायदेशीर सूचनेला विरोध करणाऱ्याला ताब्यात घेता येतं आणि किरकोळ बाबतीतही सोडायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

२. समोर कोण आहे ते पाहा. छातीवरची नावाची पट्टी वाचा. वाहतूक वॉर्डन पोलिसांना मदत करतो, तो दंड करू शकत नाही. साध्या कपड्यातल्या माणसानं थांबवलं तर "साहेब, ओळखपत्र दाखवता का?" एवढं विचारा. टाळाटाळ झाली तर ११२ ला फोन लावा.

३. कारण विचारा. "साहेब, कशासाठी थांबवलंत?" बाई असतील तर "मॅडम". आवाज खाली, वाक्य छोटं. बहुतेक वेळा उत्तर साधं असतं: पुढे बंदोबस्त आहे, रस्ता बंद आहे, दिवा नाही, सायकल कोणाची.

४. नाव आणि पत्ता खरा सांगा. दखलपात्र नसलेल्या गुन्ह्यातही (ज्यात पोलीस एरवी वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत) नाव-पत्ता लपवला किंवा खोटा दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ खाली अटक होऊ शकते. एरवी न होणारी अटक फक्त हट्टापायी ओढवते.

५. लायसन्स मागितलं तर "साहेब, साधी सायकल आहे, याला लायसन्स लागत नाही. ओळखपत्र आहे, बघता का?" असं म्हणा. कायदा शिकवायच्या सुरात बोललात की समोरच्याचा मान दुखावतो आणि मग गोष्ट नियमाची राहत नाही.

६. खरंच नियम मोडला असेल, सिग्नल तोडला असेल, तर कबूल करा आणि पुन्हा होणार नाही असं म्हणा. समज देऊनच सोडून देण्याची शक्यता मोठी असते.

७. नाकाबंदीत पिशवी बघायची म्हणाले तर उघडून दाखवणं सोयीचं. अंगझडतीची वेळ आली तर बाईची झडती बाईच घेईल, हे आग्रहानं सांगा.

चित्रीकरण करायचं का? सार्वजनिक रस्त्यावर पोलिसांचं चित्रीकरण सरसकट गुन्हा ठरवणारा कायदा नाही. पोलीस ठाणं हे शासकीय गुपित कायद्याखालचं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ साली म्हटलं आहे. तरी फोन तोंडासमोर नाचवू नका. हँडलवर कॅमेरा असेल तर चालू राहू द्या. पोलिसाच्या कामात अडथळा आल्याचं दिसलं तर मात्र न्याय संहितेचं कलम २२१ पुढे येतं.

पैसे मागितले तर

दोन प्रश्न पुरतात: "कोणत्या कलमाखाली?" आणि "पावती मिळेल ना?" पावती नसेल तर देऊ नका. "माझं चुकलं असेल तर खटला भरा, मी न्यायालयात दंड भरतो" हे वाक्य शांतपणे म्हणा. बहुतेक वेळा तिथेच संपतं. आग्रह चालूच राहिला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. तो पैसे देण्याआधी लावा. मागणी झाल्यावर पण पैसे देण्यापूर्वी कळवलं तर विभाग सापळा लावू शकतो. नंतरच्या तक्रारीला पुरावा कठीण जातो.

टायरची हवा सोडणं, व्हॉल्व्ह काढणं, उठाबशा काढायला लावणं ही कुठल्याही कायद्यातली शिक्षा नाही. असं झालं तर तिथे हातघाईवर येऊ नका. वेळ, ठिकाण, पट्टीवरचं नाव, गाडीचा नंबर त्याच दिवशी लिहून ठेवा.

सायकल ठेवून घेतली, किंवा "ठाण्यात चला" म्हणाले

चोरीचा संशय असेल किंवा वस्तू गुन्ह्याशी जोडलेली असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस ती जप्त करू शकतात. पण जप्तीची नोंद व्हावी लागते. पंचनाम्याची प्रत किंवा निदान लेखी पोच मागा, त्यात फ्रेम नंबर आणि सायकलवरचे दिवे, संगणक, पिशवी यांचा उल्लेख करून घ्या. हे विसरलात तर सायकल परत मिळते, वरचा ऐवज मिळत नाही. बिल आणि फ्रेम नंबर घेऊन ठाण्यात जा. तिथे सुटली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करावा लागतो.

ठाण्यात नेत असतील तर सरळ विचारा: "मला अटक करताय का?" अटक असेल तर कारण सांगणं आणि नातेवाइकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारीच, दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन, ती करू शकते. साक्षीदार म्हणून जबाबाला बोलवायचं असेल तर १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष आणि कोणतीही बाई यांचा जबाब घरी येऊन घ्यावा लागतो.

अपघात झाला तर

सायकलस्वाराचा पोलिसांशी खरा महत्त्वाचा संबंध येतो तो इथे, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं. मोटारीनं उडवलं, लोक जमले, ड्रायव्हर म्हणतो "घ्या दोन हजार आणि मिटवा", आणि भांबावलेला माणूस पैसे घेऊन घरी जातो. रात्री कळतं की हाड मोडलंय.

जागेवर: १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो, रस्त्याचा फोटो, सायकल पडली तशीच फोटोत. बघणाऱ्या दोघांचे फोन नंबर घ्या. मदत करणारे घाबरत असतील तर सांगा की मोटर वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही आणि साक्षीदार होण्याची सक्तीही होत नाही.

रुग्णालयात: डॉक्टरांना "मोटारीनं धडक दिली" असं स्पष्ट सांगा आणि मेडिको-लीगल (पोलिसांना कळवली जाणारी) नोंद करून घ्या. घाईत "सायकलवरून पडलो" असं निघून जातं, केसपेपरवर तेच उतरतं आणि पुढे विमा कंपनीचा वकील त्याच ओळीवर बोट ठेवतो. मोटर वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्यांसाठी २०२५ पासून केंद्राची विनारोकड उपचार योजना आहे: अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. रुग्णालयाला तिच्याबद्दल आवर्जून विचारा.

पोलीस ठाण्यात: बेदरकार वाहन चालवणं, न्याय संहितेचं कलम २८१, दखलपात्र आहे. म्हणून "एनसी (अदखलपात्र नोंद) करून घेतो" यावर समाधान मानू नका, एफआयआर मागा. इजा झाल्याचं त्याच संहितेचं कलम १२५ सोबत लागतं. हद्दीचा वाद घातला तर कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं एफआयआर नोंदवता येतो. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यानं नोंदवायला नकार दिला तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, रजिस्टर पोस्टानं पाठवा. तरीही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पंचनामा होईपर्यंत सायकल दुरुस्तीला टाकू नका. वाकलेली रिम आणि फुटलेलं हेल्मेट हा पुरावा आहे.

भरपाई: तुमच्याकडे विमा नसला तरी मोटारीचा त्रयस्थ पक्ष विमा तुमच्यासाठीच असतो. मोटर अपघात दावा न्यायाधिकरणात मोटर वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज करा. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची लिहिली आहे, ती चुकवू नका. चूक कुणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मागता येतात. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तपास अधिकाऱ्याला त्याबद्दल विचारत राहा. गाडी धडक देऊन पळाली आणि सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला ५०,००० आणि मृताच्या वारसांना दोन लाख मिळतात. त्यालाही पोलीस नोंद लागते, म्हणून गाडी सापडणार नाही असं वाटत असलं तरी एफआयआर कराच.

धडक तुम्ही दिली असेल तर तिथून जाऊ नका. जखमी माणसाला रुग्णालयात न्या आणि पोलिसांना स्वतः कळवा. सायकलचा विमा नसल्यामुळे भरपाईची जबाबदारी थेट तुमच्यावर येते.

तक्रार कुठे करायची

आधी ठाण्याचे वरिष्ठ पोलीस निरीक्षक. वाहतूक पोलिसांबद्दल असेल तर वाहतूक शाखेचे उपायुक्त. लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. मारहाण, बेकायदा डांबून ठेवणं किंवा पैसे उकळणं असं गंभीर काही असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे.

एखाद्या रस्त्यावर "सायकल चालत नाही" म्हणून वारंवार अडवत असतील आणि फलक दिसत नसेल, तर चौकात वाद घालण्यापेक्षा माहिती अधिकारात पोलीस आयुक्त कार्यालयाला विचारा: या रस्त्यावर सायकलला मनाई करणाऱ्या अधिसूचनेची तारीख, क्रमांक आणि प्रत द्यावी. अर्जाला १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. अधिसूचना असेल तर रस्ता बदला. नसेल तर "अशी अधिसूचना नाही" हे लेखी उत्तर छापून हँडलच्या पिशवीत ठेवा आणि पुढच्या वेळी थांबवल्यावर तेवढाच कागद पुढे करा.